दप्तरात टॅब, घरात बोंब

"अगं ए, ऐकलंस का? नातवाच्या शाळंनं आता टॅब आनायला सांगितलाय. घरचा. सोताच्या पैशाचा!"

शेजारच्या आक्कांचा आवाज कुंपणाशी आधी पोचतो, आक्का मागाहून येतात. मे महिना, राब भाजून झालेले, शेतात हाताला काम नाही. अशा दिवसांत पिरंगुटच्या पट्ट्यात बातमी वळवाच्या पावसाच्या आधी येऊन धडकते. मी कुरडया उलथत होते, ती परात तशीच ठेवली आणि निर्गुडीपाशी गेले.

"कितवीला आहे तो आता?"

"सहावीत जाईल जूनला. वह्या-पुस्तकांची यादी आली, तिच्याखाली बारीक अक्षरात लिवलंय म्हनं. त्यानंच वाचून दावलं. एरवी मेलं पुस्तकाला हात लावत न्हाई, पर ह्ये बराबर वाचलं."

"केवढ्याला पडेल?"

"सून म्हन्ती धा-पंधरा हजार. वर त्येचं कव्हर, वर ती चिकटवायची काच, वर म्हयन्याचं नेट. इंद्रायणी भाताची किती पोती घालायची म्हंजी एक टॅब येतो, त्येचा हिशेब सकाळपास्नं चाललाय घरात. लेक म्हन्तो हप्त्यानं घेऊ. मी म्हन्लं, ट्रॅक्टर हप्त्यानं, फ्रीज हप्त्यानं, आता पोराचं गनितबी हप्त्यानंच का?"

शाळेचं नाव आक्कांनी चारचौघांना ऐकू जाईल असं घेतलं. मी इथं घेत नाही. शाळा एकटी नाहीच. भूगाव-भुकूमपासून माण-हिंजवडीपर्यंत जिथं नव्या इमारती चढल्या, तिथं बाजूला काचेच्या शाळाही चढल्या. आणि दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या यादीच्या तळाशी अशी एखादी ओळ निघते.

एवढ्यात वरच्या सोसायटीतल्या वहिनी आल्या. त्यांचं ऑफिस हिंजवडीत, पण आठवड्यातले काही दिवस काम घरूनच. एका कानात ते पांढरं बोंड तसंच. दुसरा कान मात्र आमच्यासाठी मोकळा.

"त्यात एवढं काय, आक्का? आमच्या मुलाच्या शाळेत आधीपासून चालू आहे. आपापला टॅब आणायचा, शिक्षक सांगतील तेव्हा उघडायचा, नाहीतर बाकाखाली."

"आन् पोरं ठिवत्यात व्हय बाकाखाली?"

वहिनी हसल्या. "ठेवतात… आणि ठेवतही नाहीत." मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे खरी बातमी आता येणार. "एका शाळेत सकाळी फाटकापाशी फोन जमा करून घेतात. पोरांनी काय करावं? घरातला जुना, बंद पडलेला फोन पेटीत टाकायचा आणि चालू फोन मोज्यात. शिक्षक खूश, पेटी भरलेली! आणि ते कॅल्क्युलेटरचं ऐकलंय का? दिसायला कॅल्क्युलेटर, पण ठरावीक आकडे दाबले की आत फोटो आणि व्हिडिओंचं दुकान. आई बघते तर पोरगं गणितं करतंय!"

आक्कांनी तोंडाला पदर लावला. "आगं बया! आमचं येडं कालच म्हनत व्हतं, आजे, मला कॅल्कुलेटर लागतोय."

हसून झालं आणि वहिनी एकदम गंभीर झाल्या. "पण आक्का, एक सांगू? माझ्या मुलाला अक्षरं उलटसुलट दिसतात. वाचायला बसला की रडायचा. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखायचं. आता टॅब त्याला धडा वाचून दाखवतो, तो ऐकतो. उत्तर तोंडानं सांगतो, ते तिथं टाइप होतं. बोर्डसुद्धा अशा मुलांना परीक्षेत जास्तीचा वेळ देतं, लेखनिक देतं. मग वर्गात ही सोय का नको? त्या टॅबनं माझा मुलगा शाळेत टिकवला."

यावर कुंपणाच्या दोन्ही बाजू गप्प. आक्कांनी चार करवंदं वहिनींच्या हातावर ठेवली. "मग त्येला द्येवा की. ज्येला गरज त्येला जरूर द्येवा. बाकीच्या चाळीस जनांच्या गळ्यात का बांधताय?"

मला वाटतं, सगळा वाद त्या एका वाक्यात आला होता. पण गप्पा वाक्यावर थांबत असत्या तर कुंपणं कशाला बांधली असती? आणि तेवढ्यात पौडला बँकेचं काम उरकून गुरुजी येताना दिसले.

गुरुजी जिल्हा परिषदेचे. निम्मी नोकरी मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या शाळांत गेली. निवृत्त होऊन बसले, तरी खडूची सवय गेली नाही, बोलताना हवेत लिहितात. आक्कांनी त्यांना प्रकरण सांगितलं, अर्थात मीठमसाला लावून. गुरुजींनी पिशवी खाली ठेवली. म्हणजे आता तास सुरू.

"घरचं यंत्र शाळेला, हा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय की, वहिनी. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि अख्ख्या महाराष्ट्राला सांगितलं, घरचा फोन घ्या आणि शिका. मी तेव्हा नोकरीत होतो. धरणापलीकडं रेंज मिळायची ती टेपाडावर. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप पिरंगुटला कंपनीत. दिवसाची शिफ्ट असली की पोरगं गैरहजर, रात्रीची असली की हजर. हजेरीवरनं मी बापाची शिफ्ट ओळखायचो."

"आणि दोन पोरं असली तर?" मी विचारलं.

"तर फोन मुलाला. मुलगी धुणी-भांडी उरकून बसायची, तोवर तास संपलेला. हे कुणी ठरवून केलं नाही, पण झालं तसंच. तिकडं कणकवली तालुक्यात दारिस्त्याच्या एका मुलीनं रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केला, पेपरात आलं, कौतुक झालं. कौतुक बरोबरच आहे. पण अभ्यासासाठी पोरीला भर पावसात डोंगरावर बसावं लागलं, त्याची लाज कुणाला वाटली?"

"पण गुरुजी, टीव्हीवरही शिकवत होते ना तेव्हा?"

"टिलीमिली! 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं केलेली मालिका, पहिली ते आठवीसाठी. तिचा मोठा गुण हा, की नेट लागत नव्हतं. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या पडवीत आळीतली पोरं. एका यंत्रावर दहा जणं. घरोघरच्या फोनपेक्षा आमच्याकडं ते जास्त चाललं."

आक्का कुंपणावर रेलल्या. "टीव्ही चालंल गुरुजी, पर लाईट पायजे का नको? ताम्हिनीकडचं आभाळ भरलं की आमची लाईट घाबरून पळतीया. आमच्या आजेसासऱ्यांची भाताची खाचरं त्या धरनाखाली गेली. पानी आमचं, उजेड म्हमईला!"

"1921 ची रामनवमी," गुरुजींनी हवेत आकडा लिहिला. "टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकरी त्या दिवशी सत्याग्रहाला उभे राहिले. पुढं सेनापती बापटांचं नाव त्याला कायमचं चिकटलं. धरण झालंच. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं, त्याची वीज होते, ती मुंबईला जाते. शंभर वर्षं झाली. आता त्याच तालुक्यातल्या पोराला सांगा, बाळा, टॅब रात्री चार्ज करून आण."

"शाळेत चार्जिंगची सोय असेल की," वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या शाळेत असेल. आमच्या वर्गात एक बटण होतं, त्यावर पंखा आणि तोही दानात आलेला. वहिनी, मी यंत्राच्या विरुद्ध नाही. 2015 नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाची लाट आली, तेव्हा शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याचं नाव आम्ही सगळ्या गुरुजींनी ऐकलं होतं. एवढीशी पाड्यावरची शाळा डिजिटल झाली, मग आपण का नाही, म्हणून गावोगाव लोकवर्गण्या निघाल्या. आम्हीही काढली. प्रोजेक्टर आला, पोरांनी पहिल्यांदा देवमासा हलताना बघितला. डोळे असे झाले होते त्यांचे! पण राज्यात कितीतरी शाळांची वीज बिल थकलं म्हणून तोडली गेली, आणि प्रोजेक्टर फडक्याखाली झोपले. यंत्र आणायला टाळ्या मिळतात, बिल भरायला कुणी उभं राहत नाही."

वहिनी हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. "मग डिसले गुरुजींचं काय? सोलापूरकडचे. त्यांना तर जगातलं बक्षीस मिळालं ना मोबाइलवरूनच?"

"मिळालं! माढा तालुक्यातलं परितेवाडी. 2020 च्या डिसेंबरात ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकले. पण त्यांनी काय केलं ते नीट बघा. पुस्तकातल्या धड्यावर क्यूआर कोड छापला. पुढं बालभारतीच्या पुस्तकांत तो सगळीकडं आला. कोड फोननं टिपला की कविता ऐकू येते, प्रयोग दिसतो. एका वर्गाला एक फोन पुरतो, तोही गुरुजींचा. आणि पुस्तक हातातच राहतं. प्रत्येक पोरानं आपला टॅब आणावा असं त्यात कुठं आलं?"

"बालभारतीची पुस्तकंही सगळी फुकट उतरवून घेता येतात," मी म्हटलं. "मग टॅब घेतला तर दप्तराचं ओझं तरी कमी होईल."

"मुंबई महापालिकेनं हाच विचार केला होता. 2015 मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, पुस्तकं आत घालून. त्याच वर्षी सरकारनं सांगितलं होतं, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको. पण पालिकेनं टॅब स्वतः दिले, मुलांकडनं मागवले नाहीत, हे ध्यानात ठेवा. पुढं ते बिघडले, दुरुस्तीवाचून पडून राहिले अशा तक्रारी झाल्या. म्हणजे द्यायचं ठरवलं तरी सांभाळायला माणूस लागतो."

"माझ्या पाहुन्याच्या पोरीलाबी मिळालाय सरकारी टॅब," आक्कांना आठवलं. "ती डाक्टरकीची परीक्षा देनार हाय."

"महाज्योती संस्थेचा असेल. ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांना नीट-जेईईच्या तयारीला देतात, नेटसकट. ते योग्यच. वय मोठं, काम ठरलेलं. तसंच आपल्या खुबवलीच्या टेकडीवर बघा. महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज, 1997 पासून. देशोदेशीची सोळा-सतरा वर्षांची पोरं तिथं राहून शिकतात. त्यांना चार हजार शब्दांचा प्रबंध लिहावा लागतो. त्यांच्यापुढं लॅपटॉप ठेवला तर मी काही म्हणणार नाही. पण त्याच टेकडीच्या पलीकडं सहावीतलं पोरगं एसटीला लोंबकळत शाळेला येतं. दोघांना एकच यादी कशी लावणार?"

एवढं झाल्यावर पाणी प्यायला एक सुट्टी झाली. माठातलं पाणी कुंपणावरून गेलं, आक्कांकडून शेंगदाण्याचा लाडू आला. लाडू खाता खाता वहिनींनी कायदा काढला.

"पण गुरुजी, सरसकट बंदी पण चालत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं 2025 च्या फेब्रुवारीत तेच म्हटलंय. शाळेत फोन आणायला पूर्ण बंदी घालू नका, पण शक्य तिथं तो जमा करून घ्या, वर्गात वापर नको, आणि नियम करताना पालकांशी बोला. मुलं बसनं येतात-जातात, संध्याकाळी उशीर झाला तर आईच्या जिवाला घोर लागतोच."

"ते मान्य. फोन खिशात असणं वेगळं आणि शाळेनं टॅब विकत घ्यायला लावणं वेगळं. तिकडं फ्रान्सनं 2018 मध्येच कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे फोन शाळेत बंद केले. स्वीडननं पडद्यांकडून पुन्हा छापील पुस्तकांकडं तोंड वळवलं. ज्यांच्या घरात चार-चार यंत्रं आहेत ते मागं फिरतायत, आणि ज्यांच्या घरात एक आहे त्यांना आपण पळा म्हणतोय."

"आन् घरात काय शिकत्यात पोरं त्येच्यावर?" आक्कांचा थेट प्रश्न.

"त्याचाही हिशेब झालाय. शिक्षणाची पाहणी करणारा असरचा 2024 चा अहवाल बघा. देशभरातल्या खेड्यांत जाऊन विचारलं. चौदा ते सोळा वर्षांची 82 टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात. त्यांतल्या 57 टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात काहीतरी अभ्यासाचं केलं होतं, आणि 76 टक्के समाजमाध्यमांवर होती."

"म्हंजी रील!" हा शब्द आक्कांना बरोबर येतो. "आमच्यातबी त्येच. जेवताना रील, हागताना रील. मी तर म्हन्ते त्या सांगलीवाल्या गावावानी भोंगा वाजवावा."

हे मोहित्यांचे वडगाव. कडेगाव तालुक्यातलं. 2022 पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात नाहीतर एकमेकांशी बोलतात. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळीक. आक्कांना यातला सगळ्यात आवडलेला भाग असा, की भोंगा मोठ्यांनाही लागू.

"इथं वाजवला तर सर्वांत आधी तुमचा लेकच ओरडेल, आक्का. मॅच असते," वहिनींनी चिमटा काढला.

"त्येला मी बघते!"

मग आक्कांनी दबक्या आवाजात खरी गोष्ट सांगितली. यादी आली त्याच संध्याकाळी नातू रुसून बसला. टॅब नको म्हणून नव्हे, तर लेक जो घेणार तो 'साधा' आहे म्हणून. वर्गातल्या एकाकडे आधीच सफरचंदाचं चित्र असलेला आहे, तो पन्नास हजारांच्या वरचा. "मला म्हन्तो कसा, आजे, ह्यो टॅब मी बॅगंतनं भाइर काढनारच न्हाई. सहावीतलं पोरगं गं! त्येला आताच लाज वाटाया लागली बापाच्या कमाईची."

यावर कुणाला विनोद सुचला नाही.

गुरुजी म्हणाले, "शाळेत गणवेश का असतो? कुणाचा बाप काय कमावतो ते अंगावरनं कळू नये म्हणून. आता गणवेश एकसारखा आणि बाकावर बापाची पगारपावती उघडी. मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो. पोरगं एकदा ओशाळलं की त्याचं शिकणं तिथंच अडतं, मग तुम्ही त्याच्या हातात काहीही द्या."

वहिनींनी कानातलं बोंड काढून खिशात टाकलं. "खरं आहे. माझ्या मुलाला तो टॅब लागतोच, पण तो शाळेचा असता तरी त्याचं काम तसंच झालं असतं."

"ह्येच म्हन्ते मी मगाधरनं!" आक्का उसळल्या. "शाळंला पायजे तर शाळंनं घ्यावा. कपाटात ठिवावा. बाईंनी काढून द्यावा, तास सपला की मोजून घ्यावा. लेझीम न्हाई का, ढोल न्हाई का? त्ये काय आपन घरनं आनायचो?"

मलाही आक्कांचंच पटतं. वाद यंत्र चांगलं की वाईट असा नाहीच. वहिनींच्या मुलाचा टॅब मी डोळ्यांनी बघितलाय, त्यावर हरकत घेणारी मी कोण? आणि गुरुजींच्या पोरांनी बघितलेला देवमासाही खराच. पण ही दोन्ही उदाहरणं एकच सांगतात. यंत्र कामाला आलं, कारण ते कुणासाठी आणि कशासाठी हे आधी ठरलेलं होतं, आणि ते कधी काढायचं, कधी ठेवायचं हे मोठ्या माणसाच्या हातात होतं. 'सगळ्यांनी घरून आणा' यात हे काहीच ठरत नाही. ठरतं एवढंच, की खर्च पालकाचा, दुरुस्ती पालकाची, चार्जिंग पालकाचं आणि जाहिरातीच्या फलकावर 'डिजिटल शाळा' म्हणून नाव शाळेचं.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी यादी आली असेल त्यांनी गुपचूप हप्ता बांधू नये. जूनमध्ये पालकसभा होते, तिथं जावं. आईनं जावं, बापानं जावं, जमल्यास आजीला न्यावं. आणि उभं राहून विचारावं: कोणत्या विषयाला, आठवड्यातले किती तास हा टॅब लागणार? ज्याला घेणं जमणार नाही त्याला शाळा स्वतःचा देणार का, आणि तो चारचौघांत ओशाळणार नाही अशा रीतीनं देणार का? फुटला, चोरीला गेला तर भरपाई कुणाची? ठरावीक दुकानाचा, ठरावीक कंपनीचाच का? त्यात जी अ‍ॅप टाकायला सांगता, ती मुलाची कोणती माहिती घेतात? अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची संमती हवी, असं 2023 चा कायदा सांगतो. ती संमती आमच्याकडून कधी घेतली? ज्या मुलाला वाचायला-लिहायला अडचण आहे, त्याची सोय यादीच्या आधी का नाही?

उत्तरं नीट मिळाली तर खुशाल घ्यावा. नाही मिळाली, तर पालकांनी एकत्र येऊन लेखी द्यावं की टॅब शाळेनं घ्यावेत, शाळेतच ठेवावेत आणि फीच्या हिशेबात उघड दाखवावेत. एकट्यानं बोललं की 'परवडत नाही वाटतं' असं म्हणतात. दहा जणांनी बोललं की त्याला धोरण म्हणतात.